सूचना फार, कारणे थोडी
घरगुती स्प्लिट एसीच्या माहितीपुस्तिकांचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे मासिकांतून नेहमी येतात. जिच्या प्रती लाखो घरांत जातात आणि जी वाचणारे मात्र विरळा, अशा एका पुस्तिकेचे परीक्षण कोणी करीत नाही. यंत्राबरोबर खोक्यात येणारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असलेली माहितीपुस्तिका ही ती. घरगुती स्प्लिट एसीच्या अशा चार पुस्तिका आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचल्या. चारही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. नावे देत नाही, कारण दोष कोणा एकीचा नाही. किंबहुना सुरक्षिततेचे प्रकरण चारही ठिकाणी इतके सारखे आहे की मुखपृष्ठे काढून टाकली तर कोणती पुस्तिका कोणाची हे ओळखू येऊ नये.

या सारखेपणाला कारण आहे. एसीच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-४० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पुस्तिकेत कोणत्या धोक्यांचा उल्लेख असलाच पाहिजे, हे त्यात सांगितलेले असते. शीतकाला वास नसू शकतो, यंत्राला भोक पाडू नये, ते जाळू नये, ही वाक्ये म्हणूनच सगळीकडे भेटतात. मानक पाळले गेले, ही समाधानाची गोष्ट. परंतु मानक पाळणे आणि वाचकाला समजावणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम करण्याचा प्रयत्न या पुस्तिकांत क्वचितच दिसतो.

सूचना कशा आहेत ते पाहा. यंत्रासाठी स्वतंत्र सर्किट घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. बाहेर पडणारे पाणी पिऊ नये. वाऱ्याच्या झोतासमोर झाडाची कुंडी ठेवू नये. अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला जोडू नये. बाहेरच्या युनिटवर बसू नये. गॅस गळत असल्यास ज्योत पेटवू नये. ओल्या हातांनी बटणे दाबू नयेत. हे सारे एकाच आकाराच्या टाइपात, एकाच त्रिकोणी चिन्हाखाली, एकाखाली एक. त्यातली एकही सूचना चुकीची नाही. पण कुंडीतले झाड सुकणे आणि माणूस दगावणे यांना सारखेच वजन दिले की वाचक दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करतो. धोक्यांची प्रतवारी लावायची तर कारण माहीत असावे लागते, आणि पुस्तिका नेमके कारणच सांगत नाही.

यावर असे म्हटले जाईल की सामान्य ग्राहकाला भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा ही नव्हे. आम्हांला ते पटत नाही. या सूचनांमागे जे विज्ञान आहे ते बहुतेक सारे दहावीपर्यंत शिकवून झालेले असते. ज्यूलचा नियम, अप्रकट उष्मा, दवबिंदू, घनता, यापलीकडे फारसे काही लागत नाही.

सैल पिन

दीड टनाचा एसी घेऊ. यातला टन हा यंत्राच्या वजनाचा नाही. अमेरिकेतील २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढ्या दराने उष्णता शोषून घेईल तो दर म्हणजे एक टन. बर्फाचा वितळण्याचा अप्रकट उष्मा किलोग्रॅमला ३३४ किलोज्यूल धरून विद्यार्थ्यांनी भागाकार करावा. उत्तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास येते. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट. एवढी उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकण्यासाठी यंत्र साधारण दीड किलोवॅट वीज घेते. २३० व्होल्टला हा प्रवाह सात अँपियरच्या आत राहतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण सात धरू.

आता एक्स्टेन्शन बोर्डाकडे वळू. लोक समजतात की धोका बारीक वायरीचा आहे. वायरीचे गणित करून पाहू. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची, जाऊनयेऊन दहा मीटर लांबी धरली तर रोध साधारण ०.२३ ओहम होतो. सात अँपियरला त्यात सुमारे ११ वॅट उष्णता निर्माण होते, आणि ती पाच मीटर लांबीच्या वायरीवर पसरते. वायर मोकळी पसरलेली असेल तर हे प्रमाण भयंकर नाही. वेटोळे करून गादीखाली सारली असेल तर गोष्ट निराळी.

खरा घात सांध्यात असतो. सॉकेटमधील पत्र्याची पकड सैल झाली आहे, पिन काळवंडली आहे आणि त्या ठिकाणी समजा फक्त अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला आहे. सातचा वर्ग एकोणपन्नास, त्याचे निम्मे साडेचोवीस. म्हणजे साडेचोवीस वॅट, आणि तेही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणारा जी डाग देण्याची कांडी वापरतो ती साधारण पंचवीस वॅटची असते. सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये अशी एक कांडी खुपसून रात्रभर चालू ठेवावी, तसे हे झाले. तापल्यामुळे पत्र्याची पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते.

मग एमसीबी काय करतो? काहीच नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तो ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला तरच तुटतो. सैल सांध्यात रोध वाढलेला असतो. प्रवाह सातच्या जवळपासच राहतो. सांध्यावर साडेतीन व्होल्ट खर्ची पडतात, तेवढ्याने यंत्राला काही फरक पडत नाही. खोली थंड होत असते, एमसीबी शांत असतो आणि प्लग वितळत असतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात याचे वर्णन 'शॉर्टसर्किट' या एका शब्दात होते. शॉर्टसर्किट म्हणजे रोध जवळपास शून्य होऊन प्रवाह अफाट वाढणे. येथे घडले ते त्याच्या अगदी उलट. विज्ञानाच्या शिक्षकांनी या बातम्या फळ्यावर चिकटवून त्यावर प्रश्न विचारावेत अशी आमची सूचना आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड का नको, तर त्यामुळे सांधे वाढतात. स्वतंत्र सर्किट का हवे, तर दुसरी उपकरणे त्याच तारांत व सांध्यांत आपल्या प्रवाहाची भर घालू नयेत म्हणून. सोळा अँपियरचा मोठा प्लग का, तर त्याच्या पिना जाड असतात आणि पकडीचे क्षेत्रफळ मोठे असते. प्रत्येक सूचनेमागे दोन ओळींची जागा पुरली असती. शिवाय कारण कळले की वाचकाला स्वतः तपासणी करता येते. यंत्र तासभर चालवावे, स्विच बंद करावा आणि प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची पाठ लावून पाहावी. किंचित कोमट लागणे समजण्यासारखे आहे. चटका बसत असेल, पिवळसर डाग दिसत असेल, तर सॉकेट बदलण्याची वेळ आली. ही साधी परीक्षा चारपैकी एकाही पुस्तिकेत नाही.

अर्थिंगचेही तसेच. तार नळाला जोडू नये, एवढेच लिहिले आहे. एके काळी नळ लोखंडी होते आणि ते जमिनीत जात. आज भिंतीत मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप सुरू होतो. तेथे जोडलेली तार जमिनीपर्यंत पोहोचत नाहीच, उलट नळालाच वीज पोचवू शकते. हे कारण वाचलेला मनुष्य नळाच्या जागी खिडकीचे गज वापरणार नाही. नुसती आज्ञा वाचलेला वापरील. एमसीबी तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, हेही कोठे नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. येणारा आणि परत जाणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो वीज तोडतो. आमच्या मते सुरक्षिततेच्या पानावर सर्वांत वर असायला हवी अशी ही माहिती आहे.

रिमोट हा स्विच नव्हे, ही गोष्टही अशीच वगळली जाते. रिमोटने यंत्र झोपते, त्याची वीज जात नाही. जाळी काढायची तरी एमसीबी बंद करावा. आतला भाग उघडायचा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. इन्व्हर्टर एसीत २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज एकदिश करून धारित्रात साठवतात. तेथे विभव साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जाते. धारित्र हजार मायक्रोफॅरॅडचे असेल तर साठलेली ऊर्जा सुमारे ५३ ज्यूल भरते. वीज तोडल्यावरही काही काळ ती तेथेच असते. 'थोडा वेळ थांबा' असे पुस्तिका म्हणते. कशासाठी, ते म्हणत नाही.

एकच वाक्य, दोन वायू

ज्या मजकुरावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे तो शीतकाविषयीचा. त्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

अनेक वर्षे घरगुती एसीत आर-२२ हे शीतक वापरले जाई. ते पेट घेत नसे. मात्र त्यातील क्लोरीन ओझोनच्या थराला घातक ठरला, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर अशी शीतके टप्प्याटप्प्याने हटवण्याचे ठरले. त्यांच्या जागी आलेल्या आर-४१०ए मध्ये क्लोरीन नव्हता, पण हवामान तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली, आणि २०२१ मध्ये भारताने तिला मान्यता दिली. आता बाजारात मुख्यतः आर-३२ दिसते. त्याची तापनक्षमता ६७५ पट. भारतात २०१२ पासून आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन वापरणारे एसीही विकले गेले आहेत. त्याची तापनक्षमता नगण्य. ओझोनसाठी आणि हवामानासाठी हा प्रवास योग्य दिशेचा आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. पण न पेटणाऱ्या शीतकाकडून आपण मंद पेटणाऱ्या आणि झटकन पेटणाऱ्या शीतकाकडे आलो आहोत. पृथ्वीवरचा धोका कमी करताना थोडा धोका दिवाणखान्यात आणि त्याहून अधिक मेकॅनिकच्या हातात आला. ही अदलाबदल ग्राहकाला कोणीतरी सरळ शब्दांत सांगायला हवी होती.

पुस्तिका काय सांगतात? आर-३२ वाली सांगते की शीतक ज्वालाग्राही आहे, गळती झाल्यास ज्योत टाळावी. आर-२९० वाली सांगते की शीतक ज्वालाग्राही आहे, गळती झाल्यास ज्योत टाळावी. शब्द जवळजवळ तेच.

आपण गणित करू. खोली दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट. म्हणजे साधारण ३४ घनमीटर. आर-३२ च्या यंत्रात सुमारे ८०० ग्रॅम शीतक असते. सगळे खोलीत गळाले आणि नीट मिसळले तर घनमीटरला २४ ग्रॅमच्या आत. आर-३२ पेट घेण्यासाठी घनमीटरला किमान ३०७ ग्रॅम लागतात. आपण त्या मर्यादेच्या तेराव्या हिश्शावर आहोत. प्रोपेनच्या यंत्रात ३०० ग्रॅम धरू, म्हणजे घनमीटरला ९ ग्रॅम. प्रोपेनची मर्यादा ३८ ग्रॅम. येथे आपण जवळजवळ पाव अंतर गाठले.

परंतु वायू नीट मिसळेलच असे नाही. हवेचा सरासरी रेणुभार २९, प्रोपेनचा ४४, आर-३२ चा ५२. दोन्ही हवेपेक्षा जड. पंखा बंद, दारे बंद, आणि गळालेला वायू जमिनीलगतच्या दोन फुटांतच साचला असे समजू. आता घनफळ पाचव्या हिश्शावर आले, सुमारे ६.८ घनमीटर. आर-३२ चे प्रमाण घनमीटरला ११८ ग्रॅम होते, अजूनही मर्यादेच्या बरेच खाली. प्रोपेनचे ४४ ग्रॅम होते, आणि ते ३८ ची मर्यादा ओलांडते. एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या गळतीत एक वायू पेटणार नाही आणि दुसरा पेटेल. गळतीच्या तोंडाशी दोन्ही दाट असतात, हे वेगळे सांगायला नको. आणि आर-३२ जळाले तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू बाहेर पडतो, हेही.

याच पुस्तिकांच्या मागील पानांवर 'खोलीचे किमान क्षेत्रफळ' असे एक कोष्टक असते. शीतकाचे वजन एवढे असेल तर खोली किमान एवढ्या चौरस मीटरची हवी, असे त्यात सांगितलेले असते. सगळ्या पुस्तिकेतला हा सर्वांत विचार करून लिहिलेला भाग. घनफळाऐवजी क्षेत्रफळ का, याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे: जड वायू छताकडे जात नाही. पण कोष्टकाशेजारी स्पष्टीकरणाचा एक शब्द नाही, आणि दुकानात विक्रेता ग्राहकाला विचारतो ते खोली किती थंड हवी एवढेच.

भीती घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्या स्वयंपाकघरात १४.२ किलोग्रॅमचा सिलिंडर असतो आणि आपण त्याच्या शेजारी जेवतो. त्या वायूत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते, गळती नाकाला कळते, आणि काय करायचे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते: ज्योत नाही, बटण नाही, खिडक्या उघडा. एसीतील शीतकाला ती हाक नाही. म्हणूनच त्याच्याविषयी शब्दांनी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे.

ज्या वाक्याची आम्ही चारही पुस्तिकांत वाट पाहिली ते वाक्य असे: शीतक संपत नसते. ते बंद नळ्यांत फिरत राहते. संपीडकात दाबले जाते, बाहेर द्रव होते, आत पुन्हा वायू होते. पेट्रोलसारखे ते जळून जात नाही. 'गॅस कमी झालाय, भरून देतो' असे दर उन्हाळ्यात कोणी म्हणत असेल तर त्याचा अर्थ एकच, कोठेतरी भोक आहे. भोक शोधून बुजवल्याशिवाय वरून शीतक भरणे म्हणजे ते हळूहळू घरात सोडण्याची व्यवस्था करणे होय. आर-२२ च्या काळात हा पैशाचा आणि ओझोनचा प्रश्न होता. आता तो आगीचाही आहे. जुन्या आर-२२ च्या यंत्रात स्वस्त म्हणून प्रोपेन भरणे तर सर्वस्वी वर्ज्य; त्या यंत्राचे रिले आणि स्विच ठिणगी टाळण्यासाठी बनवलेलेच नसतात.

पात्र तंत्रज्ञ

पुस्तिकेत अवघड जागा आली की एक ठरावीक वाक्य येते: हे काम पात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. परंतु हा पात्र तंत्रज्ञ कोण? वीस-बावीस वर्षांचा तरुण, दिवसाला अनेक घरे करणारा. दहावी-बारावीनंतर आयटीआयमध्ये प्रशीतन आणि वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला असेल तर उत्तम. पुष्कळदा तो कोणा उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेला असतो. पाचसहा वर्षांपूर्वी तो आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसला होता. या मासिकाच्या वाचकांपुढे आज जे विद्यार्थी बसले आहेत त्यांतलेही काही तेथेच जाणार आहेत. पुस्तिका ज्याच्यावर सगळा भार टाकते त्याच्याशी ती एक शब्दही बोलत नाही.

त्याच्या कामातील एक प्रसंग घ्या. भाडेकरू घर बदलतो, एसी काढायचा असतो. तेव्हा द्रव नेणाऱ्या नळीची झडप बंद करून यंत्र चालवतात, म्हणजे सगळे शीतक बाहेरच्या युनिटमध्ये ओढले जाते. मग दुसरी झडप बंद करायची, यंत्र थांबवायचे आणि त्यानंतरच नळ्या सोडायच्या. घाईत यंत्र चालू असतानाच नळी सोडली, किंवा सांधा गळका असला, तर संपीडक शीतकाऐवजी हवा ओढू लागतो. बाहेर जाण्याची वाट बंद आहे. ३० अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर न जाता पंचवीसपट दाबापर्यंत दाबली तर तिचे तापमान ४८० अंशांच्या पुढे जाते. शेजारी संपीडकाचे वंगणतेल आहे. हवा, तेल, दाब आणि उष्णता: हे डिझेल इंजिन झाले, फक्त दट्ट्या मागे सरकायला जागा नाही. पात्र फुटते. गळती तपासताना नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला तरी हेच, किंबहुना अधिक जोराने घडते. बातमीत याला 'एसीचा गॅस फुटला' म्हणतात. पुष्कळदा दोष गॅसचा नसतो, आत शिरलेल्या हवेचा असतो.

दुसरा धोका साधा आणि जुना आहे, उंचीचा. पुस्तिकेतल्या चित्रात बाहेरचे युनिट एका सपाट भिंतीवर असते आणि भिंतीच्या खाली काहीच काढलेले नसते. आपल्या शहरांत ते सहाव्या मजल्याच्या छज्जावर असते, वजन तीस किलोच्या आसपास, आणि मुलगा एका हाताने खिडकीचा गज धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवतो. खाऱ्या हवेच्या गावांत कंस काही वर्षांत गंजतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात इमारतीवरून एसीचे बाहेरचे युनिट खाली पडले आणि रस्त्यावर स्कूटरवर बसलेल्या तरुणाचा जीव गेला. कंस आणि त्याचे बोल्ट दर पावसाळ्यानंतर पाहावेत, सुरक्षापट्ट्याशिवाय कोणाला खिडकीबाहेर उतरू देऊ नये, ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती 'पात्र' या विशेषणात लपून राहते.

उरलेल्या गोष्टी

देखभालीच्या पानांवर जाळी दर दोन आठवड्यांनी धुवावी असे आहे. यामुळे वीज वाचते, हे कारण येथे दिलेले आहे. मोठे कारण राहिले. जाळी तुंबली की आतल्या थंड नळ्यांवरून हवा कमी वाहते, नळ्यांना पुरेशी उष्णता मिळत नाही, त्यांचे तापमान शून्याखाली जाते आणि दवाऐवजी बर्फ साचतो. बर्फ हवेची वाट आणखी अडवतो. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने तो खरवडतो आणि पातळ नळीला भोक पाडतो. धूळ, बर्फ, स्क्रूड्रायव्हर, गळती अशी ही साखळी आहे. बर्फ दिसला तर यंत्र बंद करून तो आपोआप वितळू द्यावा.

पाण्याबद्दल थोडेसे. दमट दिवसांत यंत्राच्या क्षमतेचा एक चतुर्थांश भाग जरी वाफेचे पाणी करण्यात खर्च झाला, तरी तासाला सुमारे दोन लिटर पाणी बाहेर पडले पाहिजे. ते येत नसेल तर नळी तुंबली आहे, आणि तेच पाणी भिंतीतून खालच्या सॉकेटकडे निघाले असण्याची शक्यता आहे. हे पाणी पिऊ नये हे बरोबरच. ते नळ्यांवरची धूळ, बुरशी आणि धातूचे अंश घेऊन येते, म्हणून बॅटरीतही घालू नये.

हवेबद्दल मात्र पुस्तिकांचे मौन खटकते. स्प्लिट एसी खोलीतली हवाच पुन्हा पुन्हा थंड करतो. बाहेरची हवा आत आणत नाही. झोपलेला मनुष्य तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्याच त्या खोलीत दोघे आठ तास झोपले आणि खोली हवाबंद असली, तर त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर जाईल. प्रत्यक्षात फटी असतात, म्हणून इतके होत नाही. सकाळी डोके जड होते इतकेच. पण अशा बंद खोलीत शेगडी किंवा जनित्राचा धूर शिरला तर कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. दोष मग एसीला दिला जातो. याउलट लिजनेअर रोगाचा बागुलबुवा घरगुती एसीच्या संदर्भात वारंवार उभा केला जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात ती साथ आली तेव्हा संशय गेला तो मोठ्या इमारतीच्या शीतकमनोऱ्यातील कोमट पाण्यावर. घरगुती स्प्लिट एसीला असा मनोरा नसतोच. पुस्तिकांनी हा बागुलबुवा उभा केलेला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

चारपैकी एका पुस्तिकेत आम्हांला एक चांगली जागा सापडली. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने आतले युनिट धुऊ नये, अशी सूचना देऊन पुढे लिहिले आहे की पाणी विद्युत मंडलावर जाते आणि सुकल्यानंतरही क्षार मागे राहून वीज पाझरू शकते. एवढेच एक जादा वाक्य. त्या वाक्यामुळे ती सूचना आमच्या लक्षात राहिली. बाकीच्या तीन पुस्तिकांत तीच सूचना होती, हे आम्हांला पुन्हा उलटून पाहावे लागले.

भाषेबद्दल काय लिहावे? चारही पुस्तिका इंग्रजीत आहेत, दोन हिंदीतही, मराठीत एकही नाही. अलीकडे काही कंपन्या छापील पुस्तिका दोन पानी करतात आणि उरलेले मोबाइलवर वाचण्यासाठी चौकटीचे चिन्ह छापतात. छज्जावर उभ्या असलेल्या मुलाने ते कधी वाचावे, असा प्रश्न पडतो. त्याला त्या क्षणी लागते ती माहिती बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर असते: शीतकाचे नाव, त्याचे वजन, कमाल दाब. ती पाटी बहुधा कागदाची असते आणि काही उन्हाळ्यांत पांढरी पडते. ज्यांच्या घरी वा शाळेत एसी आहे त्यांनी पाटी वाचता येते आहे तोवर हे तीन आकडे उतरवून घ्यावेत, आणि शीतकाचे नाव आतल्या युनिटच्या कडेवर न पुसणाऱ्या शाईने लिहावे. पुस्तिकेत लिहायचे म्हटले तर कोरी जागा एकाच पुस्तिकेत आहे, शेवटच्या पानावर, आणि ती विक्रेत्याच्या शिक्क्यासाठी राखून ठेवलेली आहे.